एनबीए प्लेऑफ सिरीजचं प्रेडिक्शन आणि रिव्ह्यू कसं लिहायचं: नवीन लोकांसाठी स्टेप बाय स्टेप

एप्रिलमध्ये एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे, प्लेऑफ आले की दोन प्रकारचे लोक जागे होतात. एक जे "सेल्टिक्स इन फाइव्ह" (म्हणजे सेल्टिक्स पाच मॅचमध्ये सिरीज जिंकतील) एवढंच टाकून मोकळे होतात, आणि दुसरे जे सिरीज संपल्यावर "मी म्हणालोच होतो" म्हणत उगवतात, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा ही दोन्ही एकच माणसं असतात. हा लेख त्यांच्यासाठी नाही. ज्यांना खरंच बसून नीट अंदाज बांधायचाय, तो लिहून ठेवायचाय, आणि सिरीज संपल्यावर आपण कुठे बरोबर होतो कुठे माती खाल्ली ते बघायचंय, त्यांनी पुढे वाचा. मी हे बरेच सीझन करतोय, आणि सुरुवातीला जे कोणी धड सांगत नाही ते इथे एका जागी टाकतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. कोण जिंकणार हे लिहिणं सोपं आहे. का जिंकणार, आणि काय झालं तर जिंकणार नाही, हे पहिल्या मॅचच्या आधी लिहून ठेवणं अवघड आहे. ते दुसरं लिहिलं नसेल तर रिव्ह्यूत तुमच्याकडे तपासायला काहीच उरत नाही.

आणि हो, पैसे लावायचा विषय इथे नाहीये. भारतात २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आलीये, आणि कायदा बाजूला ठेवला तरी पैसे अडकले की माणूस स्वतःच्या अंदाजाशी प्रामाणिक राहत नाही.

काय काय लागेल

- एक वही किंवा गूगल शीट. मी शीट वापरतो कारण तिथे कधी काय बदललं त्याची हिस्टरी राहते, मग नंतर स्वतःशीच खोटं बोलता येत नाही.
- बास्केटबॉल रेफरन्स ही साइट. बॉक्स स्कोअर (मॅचच्या आकड्यांचा तक्ता), गेम लॉग, जुन्या सिरीज, सगळं फुकट.
- एनबीएची स्वतःची स्टॅट्सची साइट. कोणते पाच जण एकत्र किती मिनिटं खेळले, कोण कोणाला गार्ड करत होता, हे तिथे मिळतं.
- क्लीनिंग द ग्लास. पैसे भरावे लागतात, पण गार्बेज टाइम, म्हणजे निकाल ठरून गेल्यावरची मिनिटं, काढून टाकलेले आकडे देते. पहिल्या वर्षी नाही घेतलं तरी काही अडत नाही.
- लीगचा अधिकृत इंज्युरी रिपोर्ट.
- लीग पास (एनबीएची ऑनलाइन मॅच बघायची सेवा) किंवा जिथे पूर्ण मॅच बघता येईल असं काहीतरी. नुसत्या हायलाइट्सवर रिव्ह्यू लिहू नका, प्लीज.

१. आधी फॉरमॅट डोक्यात बसवा

वाटतं की हे तर सगळ्यांना माहीत असतं, पण चुका इथेच होतात. तीस टीम, प्रत्येकीच्या ८२ मॅचेस, ईस्ट आणि वेस्ट अशा दोन कॉन्फरन्स. प्रत्येक कॉन्फरन्समधल्या पहिल्या ६ टीम थेट प्लेऑफमध्ये जातात. ७ ते १० नंबरवाल्या प्ले-इन खेळतात: ७ विरुद्ध ८, त्यात जिंकणारा सातवा सीड (प्लेऑफमधला क्रमांक) होतो, हरणारा मग ९ विरुद्ध १० च्या विजेत्याशी खेळतो आणि तिथे जिंकेल तो आठवा. त्यानंतर १६ टीम, चार राउंड, एकूण १५ सिरीज, सगळ्या बेस्ट ऑफ सेव्हन, म्हणजे आधी चार मॅच जिंकेल तो पुढे. ब्रॅकेट (कोण कोणाशी खेळणार तो तक्ता) एकदा लागला की लागला, मधे पुन्हा सीडिंग होत नाही.

होम कोर्टचा क्रम २-२-१-१-१. म्हणजे वरच्या सीडच्या घरी पहिली, दुसरी, पाचवी आणि सातवी मॅच. फायनल मात्र १९८५ पासून २०१३ पर्यंत २-३-२ अशी व्हायची, २०१४ पासून तीही बाकीच्यांसारखी झाली. जुन्या फायनलचे दाखले देताना हे विसरू नका. तसंच २००२ पर्यंत पहिला राउंड बेस्ट ऑफ फाइव्ह होता, त्यामुळे १९९४ मध्ये डेन्व्हरने सिॲटलला हरवलं किंवा १९९९ मध्ये आठव्या सीडच्या निक्सनी मायामीला हरवलं, ते आजच्या सात मॅचच्या अपसेटशी सरळ तोलता येत नाही. छोट्या सिरीजमध्ये कमजोर टीमला जास्त चान्स असतो, एवढं साधं आहे.

२. तारीख आणि वेळेचा घोळ

भारतात बसून बघणाऱ्यांसाठी. उन्हाळ्यात न्यूयॉर्कची वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, म्हणजे तिकडे रात्री साडेआठची मॅच आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला, आणि वेस्टमधली, न्यूयॉर्कच्या वेळेने रात्री दहाची मॅच सकाळी साडेसातला. शीटमध्ये तारीख कायम अमेरिकेची टाका, नाहीतर बॉक्स स्कोअर शोधताना एक दिवस इकडेतिकडे होतो. अमेरिकेत एडिसन किंवा फ्रीमॉन्टला राहणाऱ्यांनी हा मुद्दा सोडून द्या, तुमची मजा आहे.

३. टीम खरोखर किती चांगली आहे ते काढा

जिंकलेल्या मॅचेसची संख्या हा पहिला आकडा, पण त्यावर थांबायचं नाही. नेट रेटिंग बघा. म्हणजे १०० पझेशनमध्ये (बॉल ताब्यात आल्यापासून जाईपर्यंतची एक खेळी म्हणजे एक पझेशन) टीम किती पॉइंट करते आणि किती देते यातला फरक. पॉइंट पर गेम बघू नका, कारण पळणारी टीम जास्त पॉइंट करते आणि जास्त खातेही, त्यातून काही कळत नाही.

मग चार गोष्टी बघायच्या, ज्यांना डीन ऑलिव्हरने फोर फॅक्टर्स म्हटलंय: शूटिंग, टर्नओव्हर (बॉल समोरच्याला गमावणं), ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपलाच चुकलेला शॉट परत पकडणं) आणि फ्री थ्रो. शूटिंगसाठी साधा फील्ड गोल टक्का नको, इफेक्टिव्ह फील्ड गोल टक्का घ्या, ज्यात थ्री (तीन पॉइंटचा लांबचा शॉट) दीडपट मोजला जातो. दोन्ही टीमचे हे आकडे शेजारीशेजारी मांडले की कुठे घासणार आहे ते पाच मिनिटांत दिसतं. एक टीम ऑफेन्सिव्ह रिबाउंडवर जगतेय आणि समोरची डिफेन्सिव्ह रिबाउंडमध्ये लीगमध्ये वरच्या पाचात आहे, तर पहिली टीम आपला नेहमीचा माल कुठून आणणार? हा प्रश्न लिहून ठेवा.

आता इथला मोठा सापळा. ८२ मॅचचा आकडा कोणत्या टीमचा आहे? २०२५ चे पेसर्स बघा. सुरुवात १०-१५, शेवट ५०-३२. म्हणजे पहिल्या २५ मॅचेस सोडल्या तर ४०-१७. ज्यांनी फक्त "५० विन्स, चौथा सीड" एवढंच बघितलं त्यांनी त्यांना ६४ मॅच जिंकलेल्या कॅव्हेलियर्ससमोर उडवून लावलं, आणि पेसर्सनी ती सिरीज ४-१ ने घेतली. कॅव्हेलियर्सना दुखापतींनी गाठलं होतं हे खरं, दुसऱ्या मॅचला तर गार्लंड, मोबली आणि हंटर तिघंही बाहेर होते, पण तरी समोरची टीम सीझनच्या आकड्यापेक्षा बरीच चांगली होती.

उलटं उदाहरण त्याच वर्षीच्या लेकर्सचं. फेब्रुवारीत डॉन्चिच आला, अँथनी डेव्हिस गेला, म्हणजे अर्ध्या सीझनचे आकडे अशा टीमचे होते जी आता अस्तित्वातच नव्हती. तिसरा सीड म्हणून उतरले आणि सहाव्या सीडच्या टिंबरवुल्व्ह्जनी ४-१ ने घरी पाठवलं. मोठा ट्रेड झाला असेल तर ट्रेडनंतरचेच आकडे घ्या, कमी मॅचेस असल्या तरी.

शेवटचे दहा-बारा दिवस मात्र पूर्ण सोडून द्या. कोण स्टार बसवतोय, कोण मुद्दाम खालच्या सीडला सरकतोय, तिथल्या निकालांना अर्थ नसतो.

४. मॅचअप: इथे वेळ घाला, बाकीकडे कमी घातला तरी चालेल

रेग्युलर सीझनमध्ये टीम आज इथे उद्या तिथे असते, समोरच्याचा अभ्यास करायला कोणाला वेळ नसतो. प्लेऑफमध्ये तेच दोन कोच, तेच दोन संघ, दोन आठवडे एकमेकांना उलगडत बसतात. रोटेशन दहा जणांवरून आठ-नऊवर येतं, स्टार चाळीस मिनिटांच्या आसपास खेळतात, आणि ज्या कोणाला डिफेन्स जमत नाही त्याला प्रत्येक पझेशनला शोधून काढून मारलं जातं. म्हणून मी प्रत्येक सिरीजसाठी हे प्रश्न लिहून उत्तरं भरतो:

त्यांच्या मुख्य बॉल हँडलरला कोण गार्ड करणार, आणि तो फाउल ट्रबलमध्ये गेला, म्हणजे फाउल जास्त झाले म्हणून बसवावा लागला, तर दुसरा कोण? पिक अँड रोलला, म्हणजे एकाने बॉलवाल्याच्या डिफेंडरला अडवून मग बास्केटकडे धावायची खेळी, तेव्हा सेंटर (बास्केटजवळचा उंच खेळाडू) मागे राहणार, म्हणजे ड्रॉप करणार, की स्विच करणार, म्हणजे दोन डिफेंडर आपापली माणसं बदलणार? ड्रॉप केलं तर समोरच्याकडे चालताचालता थ्री मारणारा आहे का? स्विच केलं तर आपला कोण लहान माणूस त्यांच्या मोठ्या माणसासमोर उघडा पडतो? शेवटच्या पाच मिनिटांत कोर्टवर कोण पाच असतील, आणि त्यातला एखादा असा आहे का ज्याला शूट करायला लोक मोकळं सोडतील? बेंचवरचा असा कोण आहे जो सीझनमध्ये १५ मिनिटं खेळायचा पण या सिरीजमध्ये ३० खेळेल?

एकाच खेळाडूवर दोन सिरीज बघा म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. रूडी गोबेर २०२१ मध्ये युटा जॅझला होता, वेस्टमधली पहिली सीड. दुसऱ्या राउंडला क्लिपर्सनी सेंटर काढून पाच शूटर उतरवले, सेंटर असलेल्या गोबेरला रिम (बास्केट) आणि कॉर्नर यांच्यामध्ये लटकवून ठेवलं, आणि सहाव्या मॅचला टेरन्स मॅनने ३९ पॉइंट मारले, क्लिपर्सनी २५ ची पिछाडी भरून काढली आणि सिरीज संपवली, तेसुद्धा त्यांचा स्टार कवाय लेनर्ड नसताना. तेव्हा सगळे म्हणाले गोबेर प्लेऑफचा खेळाडूच नाही. मग २०२५ ला हाच गोबेर, चार वर्षांनी म्हातारा, टिंबरवुल्व्ह्जमध्ये, समोर लेकर्स ज्यांच्याकडे धड सेंटर नव्हता, आणि पाचव्या मॅचला २७ पॉइंट आणि २४ रिबाउंड. म्हणून "अमुक प्लेऑफमध्ये चालत नाही" हे वाक्य शीटमध्ये लिहायचंच नाही, कोणासमोर चालत नाही ते लिहायचं.

आता हेड टू हेड. दोन टीम सीझनमध्ये तीन-चार वेळा खेळलेल्या असतात आणि लोक तेवढ्यावर निकाल लावतात. २०२५ ला निक्स सेल्टिक्सशी चारही मॅच हरले होते आणि दुसऱ्या राउंडला ४-२ जिंकले. पण २००७ ला वॉरियर्सनी डॅलसला सीझनमध्ये तिन्ही वेळा हरवलं होतं, आणि प्लेऑफला आठवा सीड असून ६७ मॅच जिंकलेल्या त्याच डॅलसला बाहेर काढलं. मग यातलं काय खरं? दोन्ही. नुसता स्कोअर बघून कळत नाही, कारण बघायचं. वॉरियर्सचा कोच डॉन नेल्सन आधी डॅलसचाच कोच होता, डॅलसचा स्टार नोवित्स्कीला कुठे बॉल आवडत नाही हे त्याला पाठ होतं, लहान चपळ माणसं अंगावर घालायची ही युक्ती प्लेऑफमध्येही तशीच चालणार होती. त्यामुळे प्रत्येक हेड टू हेड मॅचसमोर दोनच रकाने ठेवा: कोण खेळलं नव्हतं, आणि जिंकणाऱ्याने जे केलं ते सात वेळा करता येईल का. दुसऱ्याचं उत्तर नाही असेल तर ती मॅच विसरा.

५. दुखापती

इंज्युरी रिपोर्ट मॅचच्या आदल्या दिवशी, तिथल्या वेळेने संध्याकाळी ५ पर्यंत टीमला द्यावा लागतो, म्हणजे आपल्याकडे मॅचच्या आदल्या सकाळी चहा घेताना बघता येतो. त्यातले शब्द शिकून घ्या: प्रॉबेबल म्हणजे बहुतेक खेळेल, क्वेश्चनेबल म्हणजे अर्धंअर्धं, डाउटफुल म्हणजे बहुतेक नाही, आउट म्हणजे नाहीच.

पण खेळणं आणि नीट खेळणं यात फरक आहे. हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) आणि काफ (पोटरी), या दोन शब्दांवर लाल रंग मारा. २०१८ ला क्रिस पॉलची हॅमस्ट्रिंग पाचव्या मॅचला गेली, ह्यूस्टन ३-२ पुढे होतं, पुढच्या दोन्ही हरले. २०१९ ला वॉरियर्सचा ड्युरांट काफच्या दुखापतीतून परत आला आणि फायनलच्या पाचव्या मॅचला अकिलिस (टाचेमागची शीर) गेलं. २०२५ ला वॉरियर्सच्या करीची हॅमस्ट्रिंग मिनेसोटाविरुद्ध पहिल्याच मॅचला गेली, ती मॅच वॉरियर्स जिंकले, पुढच्या चार सलग हरले.

यावर उपाय एकच, अंदाज अटीसकट लिहा. "करी सगळ्या मॅच खेळला तर वॉरियर्स ४५ टक्के, दोन किंवा जास्त चुकवल्या तर १५ टक्के" असं. काही जण म्हणतील ही पळवाट आहे. अजिबात नाही, दोन्ही आकडे आधीच लिहिलेत तर नंतर दोन्ही तपासता येतात. पळवाट ती, जेव्हा काहीच लिहिलेलं नसतं आणि मग दुखापतीवर ढकलून मोकळे होतात.

६. आता आकडा लिहा

"जिंकेल असं वाटतं" चालणार नाही, टक्के लिहा. नवीन लोक इथे घाबरतात पण गणित शाळेतलं आहे. एका मॅचमध्ये जिंकायची शक्यता सगळीकडे सारखी धरली तर:

- एका मॅचला ५५ टक्के असेल तर सिरीज ६१ टक्के
- ६० असेल तर ७१
- ६५ असेल तर ८०
- ७० असेल तर ८७

म्हणजे थोडीशी चांगली टीम सात मॅचमध्ये बरीच चांगली दिसते, म्हणूनच या खेळात अपसेट कमी होतात. आणि तरीही ७१ टक्के म्हणजे दहापैकी तीन वेळा हरणार, ते हरले की तुमचा अंदाज लगेच मूर्खपणाचा ठरत नाही.

किती मॅचमध्ये, हा भाग मजेचा आणि सगळ्यात फसवा. वरचं ६० टक्केवालं उदाहरण घ्या. ती टीम चारमध्ये जिंकायची शक्यता १३ टक्के, पाचमध्ये २१, सहामध्ये २१, सातमध्ये १७. म्हणजे तुमचा सगळ्यात चांगला "इन फाइव्ह" सुद्धा पाचपैकी चार वेळा चुकणारच. त्यावरून कोणी चिडवलं तर मनावर घेऊ नका, आणि बरोबर आला तर फार मिरवू नका.

एक छोटी युक्ती आहे, बघा पटते का. सहावी मॅच खालच्या सीडच्या घरी असते. त्यामुळे वरचा सीड "इन सिक्स" असं लिहिणं म्हणजे तो परक्या कोर्टवर सिरीज संपवेल असं म्हणणं. खालचा सीड जिंकणार वाटत असेल तर मात्र सहा हाच साहजिक आकडा, कारण सात म्हणजे त्याला समोरच्याच्या घरी सातवी मॅच काढावी लागेल. वरच्या सीडला पसंती असेल तर आधी पाच आणि सात यांचा विचार करा, आणि सहा लिहायचेच असतील तर कारण लिहा.

७. शीटवर नेमकं काय लिहायचं

फार नाही, पाच ओळी. टक्के. किती मॅच. जिंकण्याची दोन कारणं, जास्त नको, कारण दहा कारणं लिहिली की त्यातलं एखादं आपोआप बरोबर येतं. मग सगळ्यात महत्त्वाची ओळ: "मी चुकलो तर ते यामुळे असेल". आणि शेवटची: पहिल्या दोन मॅचमध्ये काय दिसलं तर मी मत बदलेन.

हे सगळं पहिल्या मॅचच्या टिप-ऑफच्या आधी भरून, तारीख टाकून बंद करायचं. नंतर त्या ओळींना हात लावायचा नाही, नवीन मत नवीन ओळीत.

८. मॅच बघताना नोंदी

पहिल्या वेळी फक्त बघा, एन्जॉय करा. लिहायचं ते पुन्हा बघताना, आणि पूर्ण नाही बघितली तरी चालेल: पहिल्या क्वार्टरची पहिली सहा मिनिटं, म्हणजे कोचने काय प्लॅन आणलाय ते कळतं, तिसऱ्या क्वार्टरची सुरुवात, म्हणजे हाफ टाइमला काय बदललं ते कळतं, आणि शेवटची पाच मिनिटं. नोंद साधी ठेवा, कोण कोणाला गार्ड करतोय, पिक अँड रोलला काय केलं, कोण बेंचवर गेला आणि परत आलाच नाही.

बॉक्स स्कोअरमधल्या प्लस-मायनसवर (खेळाडू कोर्टवर असताना टीम किती पॉइंटने पुढे-मागे राहिली) एका मॅचपुरता विश्वास ठेवू नका, चार माणसं बरोबर कोण होती त्यावर ते अवलंबून असतं. २० पॉइंटने संपलेल्या मॅचमधले शेवटच्या पाच मिनिटांचे आकडे तर सरळ कापून टाका.

आणि रेफ्री. प्रत्येक हरणाऱ्या टीमच्या फॅनला रेफ्रीने हरवलेलं असतं. शेवटच्या मिनिटांत चुरस झालेल्या मॅचसाठी लीग दुसऱ्या दिवशी शेवटच्या दोन मिनिटांचा रिपोर्ट काढते, कोणता कॉल बरोबर कोणता चूक तो त्यात असतो, आधी तो वाचा आणि मग लिहा.

९. सिरीज चालू असताना मत कधी बदलायचं

थोडं, आणि हळू. पहिली मॅच हरली की लगेच सगळं पलटवणारे लोक दोन दिवसांनी परत पलटतात. २०२५ ची थंडर-नगेट्स सिरीज घ्या. पहिली मॅच डेन्व्हरने १२१-११९ ने काढली, त्यांच्या गॉर्डनचा शेवटच्या सेकंदांतला थ्री. लोक म्हणाले थंडर कच्चे आहेत. दुसरी थंडरने १४९-१०६. आता लोक म्हणाले सिरीज संपली. मग तिसरी डेन्व्हर ओव्हरटाइममध्ये, चौथी-पाचवी थंडर, सहावी डेन्व्हर, सातवी थंडर १२५-९३. सातही मॅचचे पॉइंट जोडले तर थंडर ६४ ने पुढे, पण दुसरी आणि सातवी काढली तर उरलेल्या पाचांत डेन्व्हर ११ ने पुढे. ४३ पॉइंटचा विजयही एकच विजय असतो हे तिसऱ्या मॅचच्या आधी आठवलं पाहिजे.

मग मत बदलायचं कशावर? जे परत परत होऊ शकतं त्यावर. कोचने नवीन मॅचअप लावलं आणि ते चालतंय, कोणी जखमी झालं, एखादा खेळाडू कोर्टवर ठेवताच येत नाहीये, या गोष्टी टिकतात. मोकळे थ्री जाणं न जाणं टिकत नाही.

इतिहासातले दोन-तीन आकडे जवळ ठेवा. ०-३ मागे पडून एनबीएमध्ये आजवर कोणी सिरीज जिंकलेलं नाही, दीडशेहून जास्त वेळा अशी वेळ येऊनही, सातव्या मॅचपर्यंत पोचले तेही चारच, शेवटचे २०२३ चे सेल्टिक्स. १-३ वरून परत येणं दुर्मिळ पण होतं, २०१६ ला क्लीव्हलंडने ७३-९ वाल्या वॉरियर्सविरुद्ध फायनलमध्ये केलं, २०२० ला डेन्व्हरने एकाच प्लेऑफमध्ये दोनदा केलं. ०-२ म्हणजे काहीच संपलेलं नसतं, २०२१ ला मिलवॉकी नेट्सविरुद्ध ०-२ होती, फायनलला फिनिक्सविरुद्ध पुन्हा ०-२ होती, आणि चॅम्पियन झाली.

१०. रिव्ह्यू

सिरीज संपली की दोन दिवस थांबा. मग शीट उघडा आणि तीन रकान्यांत लिहा: माझी कारणं खरी ठरली का, नशिबाचा भाग किती, आणि मी विचारच केला नव्हता असं काय घडलं. निकाल शेवटी बघायचा.

उदाहरण म्हणून निक्स-सेल्टिक्स २०२५ पुन्हा घेऊ, कारण यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडत नाही. समजा तुम्ही लिहिलं होतं, "सेल्टिक्स, ८० टक्के, पाचमध्ये, कारण निक्सच्या डिफेन्सविरुद्ध त्यांना चांगले थ्री मिळतील". पहिली मॅच, सेल्टिक्स ६० थ्री मारतात आणि १५ जातात, २० पॉइंटची आघाडी घालवतात, ओव्हरटाइमला हरतात. दुसरी, ४० पैकी १०, पुन्हा २० ची आघाडी, पुन्हा हार, ९१-९०. दोन्ही मॅचच्या शेवटी निक्सच्या मिकल ब्रिजेसने हातातून बॉल काढून घेतला. तिसऱ्या मॅचला ४० पैकी २० गेले आणि सेल्टिक्स २२ ने जिंकले. म्हणजे तुमचं कारण चुकीचं नव्हतं. चौथ्या मॅचला सेल्टिक्सचा स्टार टेटम ४२ मारून अकिलिस तुटून पडला, मॅचही गेली. पाचवी त्याच्याशिवाय जिंकले, सहावी ३८ ने हरले.

आळशी रिव्ह्यू दोन प्रकारचे होतील. "निक्सनी सेल्टिक्सला उघडं पाडलं" किंवा "सेल्टिक्सचं नशीब वाईट". दोन्हीत सत्य आहे आणि दोन्हीने काही शिकता येत नाही. नीट रिव्ह्यूत असं यायला हवं: शूटिंग पहिल्या दोन मॅचला नशिबाने बिघडलं, ते परत आलं, पण तोवर घरच्या दोन मॅच गेलेल्या होत्या. टेटमची दुखापत अंदाजात धरता येत नव्हती, मात्र ती झाली तेव्हा सेल्टिक्स आधीच १-२ मागे होते. आणि जे विचारात घ्यायला हवं होतं ते हे, की आघाडी असताना शेवटच्या दहा मिनिटांत सेल्टिक्सचा अटॅक अडकला, तीच तीच आयसोलेशन (एकट्यानेच बॉल घेऊन खेळणं) आणि घाईचे थ्री, आणि हे दोनदा सलग झालं म्हणून त्याला नुसतं नशीब म्हणता येत नाही. हा शेवटचा मुद्दा पुढच्या वर्षीच्या शीटमध्ये प्रश्न म्हणून जातो: आघाडी असताना ही टीम काय खेळते?

दोन कारणं एकमेकांत अडकली असतील तर ओढून ताणून एक निवडू नका. ह्यूस्टन २०१८, सातवी मॅच, ४४ पैकी ७ थ्री, मधे सलग २७ चुकले, आणि पॉल बेंचवर कोटात बसलेला. तो असता तर इतके थ्री मारावेच लागले नसते का? यावर लोक अजून भांडतात. "वेगळं करता येत नाही" असं लिहिणं हेही उत्तर आहे.

११. स्वतःला मार्क द्या

पंधरा सिरीज संपल्या की ब्रायर स्कोअर काढा, नाव मोठं आहे पण काम सोपं. जिंकला तर १, हरला तर ०, त्यातून तुमचे टक्के वजा करून वर्ग करा. ७० टक्के दिले आणि जिंकले तर ०.३ चा वर्ग, ०.०९. हरले तर ०.७ चा वर्ग, ०.४९. सगळ्यांची सरासरी काढा. सगळीकडे ५०-५० लिहिलं असतं तर ०.२५ आले असते, म्हणजे त्याच्या खाली असाल तर नाणं उडवण्यापेक्षा बरे आहात. दुसरी तुलनाही करा, प्रत्येक सिरीजला डोळे मिटून वरच्या सीडला ७० टक्के दिले असते तर किती आले असते? बऱ्याच जणांचा सगळा अभ्यास या डोळे मिटलेल्या माणसासमोर हरतो, आणि ते एकदा बघून घेतलेलं बरं.

एका वर्षाच्या १५ सिरीजवर फार काही ठरत नाही, त्यामुळे शीट फेकू नका, पुढच्या एप्रिलला त्याच फाइलमध्ये नवीन टॅब उघडा, म्हणजे तीन-चार वर्षांचा आकडा एकत्र बघता येईल. तेव्हा हेही दिसतं की तुम्ही कुठल्या एका टीमला दरवर्षी दहा टक्के जास्त देता. बहुतेक ती तुमची आवडती टीम निघते, माझ्या शीटमध्ये कोणती ते मी सांगणार नाही.